ओ

ओझुर्गेतीच्या या खोलीत पूर्वी चहाची पोती मोजत.
फरशीवर पाणी पडलं की अजून तो वास उठतो.
आता इथे एक ढोल आहे,
लाकडी पट्ट्यांचं एक वाद्य, दोन घंटा,
आणि भिंतीवर एक वाक्य,
परदेशात शिकून परतताना मी सोबत आणलेलं:
इथे काहीच चुकत नाही.

वार्देन पहिल्या दिवशी ते वाक्य बराच वेळ बघत बसला.
उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा ठेवायला दिल्यासारखा.
झटक्याने सगळे शब्द नेले होते,
'नाही' तेवढा मागे राहिला.
मनात येईल ते वाजवा, मी म्हटलं.
नाही.
आवडेल ते.
नाही.
असे आठ मंगळवार.

त्याची बायको लामारा पदरमोड करून आणलेले हेझलनट
माझ्या टेबलावर ओतत म्हणाली,
बाई, हा खर्जाचा माणूस.
लग्नात, मयतीत, मक्याची कणसं सोलताना
चाळीस वर्षं यानं खालचा सूर दिला.
वर कुणी काही म्हटल्याशिवाय हा काय म्हणेल?
आणि म्हटल्यावर काय म्हणेल,
ते तर त्यालाही आधी ठाऊक नसायचं.

आमच्या भाषेत खर्जाला आणि घराच्या सपाट छपराला
एकच शब्द आहे: बानी.
ज्यावर उभं राहून दुसरे लांबवर हाका घालतात.
शब्द माझ्याच आजोळचा,
पण शिकायला गेले तेव्हा कुठल्या फडताळात ठेवला,
आठवत नव्हतं.

नववा मंगळवार. मी काहीच केलं नाही, हे आधी सांगते.
त्सिउरी फरशी पुसत होती.
पुसताना ती गुणगुणते, बारीक, उंच,
अर्थ नसलेली जुनीच अक्षरं,
लाद्या मोजल्यासारखी.
ती दाराशी पोचली
आणि वार्देनने ओ दिली.

खरंच ओ. तेवढंच अक्षर.
पण त्याच्यावर खोलीचं वजन टेकलं.
त्सिउरीने मागे वळून पाहिलं नाही, फडकं थांबवलं नाही,
नुसता आवाज वर चढवला.
दोनदा सगळं सरळ गेलं.
तिसऱ्या फेरीला तो पायरी सोडून
भलतीकडेच उतरला.
'चुकलास, वार्देन!' त्सिउरी ओरडली.
तो अर्ध्या ओठाने हसला.
'नाही,' म्हणाला,
आणि पुन्हा तिथेच उतरला, मुद्दाम, सावकाश,
ती खाली येईपर्यंत तिथेच थांबून राहिला.

अहवालात एक रकाना असतो:
स्वतःहून केलेली नवनिर्मिती, शून्य ते पाच.
स्वतःहून कुठे? नवं तरी कितपत?
मी पेन्सिलीने तीन लिहिलं, खोडलं,
कागदाला तिथे आता भोक पडलंय.

भिंतीवरचं वाक्य अजून आहे.
त्सिउरी रोज त्याच्याखालची फरशी पुसते,
आणि मी ओल्या फरशीवर पाय दिला
की मला रागावते.