भिरंडेल

केप्याच्या बाजारामागे, बंद पडलेल्या सॉ-मिलच्या शेडमध्ये
भिरंडीच्या बिया कुटायचं काम सातला सुरू होतं.
मी तिथे हिशेब लिहितो.
पोदेराची सायकल फाटकाशी पोंवपोंव करते,
सुकांतीबाई स्वतः जाऊन पाव मोजून घेतात,
एक कमी निघाला तरी सोडत नाहीत.

हीच ती, असं नव्या मुली एकमेकींना सांगतात.
हीच म्हणजे
सँडलच्या जुन्या जाहिरातीतले पाय.
आधी नुसते पायच होते.
घोट्याच्या वर कॅमेरा चढायला तीन वर्षं लागली,
आणि चेहऱ्याशी पोचला तेव्हा
वेळीप हे आडनाव कुणाला तरी जड वाटलं.
मग दोन्हीकडून कापून उरली ती कांती.
सिनेमे सात.
त्यांतल्या पाचांत मध्यंतराआधी मेल्या.
"बरं असायचं," म्हणतात,
"लवकर सुटका, शेवटची बस मिळायची."

त्या परत का आल्या ते सांगत नाहीत.
पण कीर्दीच्या पहिल्याच पानाला
मडगावच्या इस्पितळाचं बिल चिकटवलेलं आहे:
रुग्ण पुतू वेळीप, उजवा पाय, गुडघ्याखाली.
मी ते पान उलटतो. बेरजेत धरत नाही.

आई थंडीत भेगांना चोळायची ते भिरंडेल,
कोंबडीच्या अंड्याएवढे पांढरे गोळे,
त्यांनी डबीत भरलं, झाकणावर नाव घातलं,
विमानतळावरच्या दुकानात ठेवलं.
किंमत ऐकून आई इतकी हसली की ठसका लागला.
"भेगांचे एवढे पैसे मिळतात
हे ठाऊक असतं तर
मी एवढी वर्षं फुकट चालले नसते गो!"

गुरुवारी गाडी रिवणच्या बाजूला जाते.
देवळाच्या पडवीत त्या पाटावर बसतात,
माणसाचा पाय मांडीवर घेतात,
नायलॉनचा एक जाड धागा तळव्याला टेकवतात.
डोळे मीट. कळतं?
ना.
आता?
ना.
आता?
बराच वेळ कुणी बोलत नाही.
खाणीच्या मातीचा लाल रंग
नखांच्या कडांतून अजून निघालेला नसतो.

डिसेंबरात पणजीच्या हॉटेलात देणगीदारांचं जेवण होतं.
भाषण त्यांनी तीन मिनिटांत संपवलं.
तेवढ्यात मागच्या टेबलावरून एक जण ओरडला,
फेणी बोलत होती ती,
"एकदा ते रॅम्पवरचं चालून दाखवा की!"
मी मान खाली घातली.
बाई हसल्या.
"दाखवते. पावलाला दहा हजार.
हे शेवटचे बसलेत ना, हिशेब ते लिहितील."
आणि चपला काढून
त्या चालू लागल्या.

उभ्या जन्मात मी असं चालणं पाहिलं नाही.
टाचेला अंगठा टेकेल एवढंच एक पाऊल.
दारू पिणाऱ्यांनी आधी टाळ्या दिल्या,
मग मोजायला लागले,
मग मोजता मोजता गप्प झाले.
पंधरा हातांचं ते अंतर
बाईंनी एकसष्ट पावलांत कापलं,
टोकाला पोचून
सवयीनं कमरेवर हात ठेवला,
आणि वळून पुन्हा तेवढीच पावलं परत.

रात्री गाडीत त्यांनी पाय सीटवर घेतले.
डाव्या टाचेला हातभर नव्हे, पण बोटभर भेग होती.
"आपला माल वापरायला वेळ होत नाही," म्हणाल्या,
आणि झोपल्या.
मी दिव्याखाली वही उघडली.
जमा: बारा लाख वीस हजार.
तपशिलाच्या रकान्यात काय लिहू ते सुचेना.
शेवटी लिहिलं, चालणे.
ऑडिटरनं त्यावर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलंय.

मऊ रबराच्या चपला मार्चमध्ये आल्या, चारशे जोड.
रिवणला बाबुसो गावकर पहिला पुढे झाला,
दोन बोटं नसलेला पाय आत सरकवून
चार पावलं गेला, परत आला,
खाली बघत राहिला.
"बऱ्या आहेत," म्हणाला.
"पण बाय,
काळ्याच आहेत का?
तुमची ती जाहिरातीतली
लाल होती."

बाईंनी माझ्याकडं हात केला.
मी पेन दिलं.