बैठक व्यवस्था

सोळा सप्टेंबर, परभणी, रात्रीचे साडेदहा.
मुनीरभाईच्या टेम्पोतून खुर्च्या उतरायल्यात
आणि मी, राजशिष्टाचार शाखेचा अव्वल कारकून,
हातात टेप घेऊन मैदानात उभा.
छताची मंजुरी आली नाही,
फक्त खुर्च्यांची आली.

एक नंबर पालकमंत्री.
मग खासदार, मग आमदार,
मग जिल्हाधिकारी, आणि इथून पुढं
शेवाळावरून चालल्यासारखं चालायचं.
मागच्या साली एसपीसाहेबांची खुर्ची
सीईओंच्या खुर्चीहून चार बोटं मागं राहिली
(बोटं मी मोजली नव्हती, त्यांनी मोजली)
आणि दिवाळीपर्यंत आमच्या शाखेतल्या
प्रत्येक मोटारसायकलची कागदपत्रं
वसमत रोडला तपासली गेली.

परिपत्रक खिशात आहे, घडीवर फाटलेलं.
दर्जा समान असेल तर सेवाज्येष्ठता बघा.
तीही समान असेल तर जन्मतारीख.
जुळे भाऊ एकाच जिल्ह्यात रुजू झाले तर काय,
याबाबत शासन गप्प आहे.

रेकॉर्ड रूमच्या काझीसाहेबांनी एकदा
निजामाच्या अमलातला एक कागद वाचून दाखवला होता:
कुणाला कुर्सी, कुणाला तिपाई,
कुणी सतरंजीवर, कुणी जोड्यांपाशी उभं.
खालचा भाग वाळवीनं खाल्लेला.
"हितं आपल्यासारख्याची नावं असतील," म्हणाले,
आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

उद्या ते राज्य गेल्याचा दिवस.
मी दोरी ताणली, चुना मारला.
पाठीला टॉवेल बारा, पांढरे, मोजून घेतलेले,
बारापुढच्या दर्जाला टॉवेल नाही.

सकाळी सहाला सगळं जिथल्या तिथं होतं.
कडुनिंबाची सावलीसुद्धा
पहिल्या रांगेवर अशी पसरलेली
की वाटलं, तीही मीच अंथरली रात्री.
नऊ वाजेपर्यंत ती गोळा होत होत
मागं सरकली, अगदी शेवटच्या रांगेवर,
जिथं कोतवाल, ड्रायव्हर
आणि एनसीसीच्या पोरांचे डबे.

पालकमंत्री आलेच नाहीत.
झेंडा जिल्हाधिकाऱ्यांनी फडकवला.
एक नंबरची खुर्ची तशीच, रिकामी,
तिच्याकडं सरकायचं नाही असं कुठं लिहिलेलं नाही,
पण कुणी सरकलं नाही.
सगळा जिल्हा मानेवर ऊन घेऊन
सरळ पुढं बघत बसला.

रांगेच्या टोकाला कौसाबाई तिडके.
मालकांनी रझाकारांच्या काळात तारा तोडल्या होत्या;
ते गेल्यापासून निमंत्रण हिच्या नावानं निघतं.
माझ्या यादीत त्यांच्यापुढं 'विशेष', आकडा नाही.
भाषण तिसऱ्या पानावर असताना त्या उठल्या,
काठी टेकत कडुनिंबाकडं निघाल्या.
आरडीसी हळूच आडवे झाले,
"आजी, तुमची जागा पुढं आहे."
"पुढं ऊन हाय, लेकरा."
"बसा, फोटो व्हायचाय."
बसल्या. काठी मांडीवर आडवी धरून.

तेव्हा कचरू शिपाई पाण्याचा ट्रे घेऊन आला.
ट्रे माझ्या हातात दिला, न विचारता.
एक नंबरच्या खुर्चीवरचा टॉवेल काढला,
दोनदा झटकला
आणि कौसाबाईंच्या डोक्यावरून
पदर सावरावा तसा नीट ओढून दिला.
एसपीसाहेबांनी पाहिलं. सीईओंनी पाहिलं.
मी मनातल्या मनात परिपत्रक चाळलं,
सुधारणा क्रमांक चारपर्यंत,
ट्रेमधले ग्लास एकमेकांना लागून वाजत होते.

दुपारी मुनीरभाईचा टेम्पो भरला.
नावांच्या पाट्या मी रबर लावून ठेवल्या,
मागची बाजू कोरी असते, कामाला येते.
कचरू म्हणाला, "म्हातारी ऑटोत बसली तसंच घेऊन,
मागायला बरं नाही वाटलं."

साहित्य नोंदवहीत लिहिलं:
टॉवेल, दिले बारा, जमा अकरा.
कारणाचा रकाना कोरा सोडला तर
ऑडिटवाले सही करत नाहीत.
पेन दोनदा झटकला.
लिहिलं: ऊन.