छप्पर क्रमांक सतरा

शिनासच्या मागे वाड्यांच्या कुंपणांना खेटून
वेडी बाभूळ माजली आहे.
इथे तिला घुवैफ म्हणतात.
वाळू धरून ठेवायला म्हणून कुणी लावली,
तिने वाळू सोडली, विहिरी धरल्या.
खाली काटक्या, वर काटक्या,
मध्ये वाऱ्याने आणून अडकवलेल्या पिशव्या.
चुलीला लागतं ते सगळं आहे,
फक्त कुणी फुंकर घातलेली नाही.

मी बलदियाच्या गाडीत मागे बसतो.
माझ्याकडे टेप, खडू, एक लायटर.
हमूद पुढे बसतो, त्याच्याकडे नियम:
झाडोऱ्यापासून तीस मीटरच्या आत
छप्पर न जळणारं हवं.

सतरा नंबर म्हणजे झुवैनाबाईंची शेळ्यांची वाडी.
कडेला मोतालेबची खोली,
वर खजुरीचे झाप, खजुरीच्याच दोरीने आवळलेले.
गेल्या वर्षी टेप चौतीस म्हणाली होती.
यंदा एकोणीस.
छप्पर जागचं हललेलं नाही.
बाभूळ चालत आली.

"हे माझ्या बापाने बांधलंय," झुवैनाबाई म्हणाल्या,
"यातून वारा जातो. तुमच्या पत्र्याखाली
तू झोपलायस का कधी, जूनमध्ये?"
मी झोपलोय. सोहारला, चार वर्षं,
ओला टॉवेल छातीवर पसरून.
आगीतून फुफाट्यात, हे अरबीत कसं म्हणतात
मला माहीत नाही.
मी नुसता खडूने आकडा लिहिला.

पण मला हेही माहीत आहे:
आग दर वेळी जमिनीवरून येत नाही.
राजापूरच्या सड्यावर फाल्गुनात वणवा लागला तेव्हा
गडग्यापाशी आम्ही तो अडवला होता,
ओल्या गोणपाटांनी, टहाळ्यांनी झोडपून.
सगळे हुश्श करून पाणी पीत होतो.
आणि एक ठिणगी, काजव्याएवढी,
आमच्या डोक्यांवरून गेली
आणि गोठ्याच्या आढ्यावर नीट जाऊन बसली,
जशी तिची जागा राखून ठेवली होती.
म्हैस वाचली. दोन दिवस ती
जळक्या जागेवरच येऊन उभी राहायची.

कंत्राटदार वर्गीस पॅनेलचा तुकडा घेऊन आला.
दोन्हीकडून पांढरा, गुळगुळीत, सोबतच्या कागदावर तीन शिक्के.
मी कोपरा कापला, लायटर लावला.
आतला फोम आधी आक्रसला,
मग काळ्या थेंबांनी माझ्या बुटावर गळू लागला.
वर्गीस शिक्के दाखवत राहिला.
आग रामेश्वरी, शिक्का सोमेश्वरी.
दुसऱ्या तुकड्यात रॉकवूल, दगडाची लोकर.
माझा अंगठा भाजला, लायटर सुटला,
ती नुसती काळवंडली.
भाव दुप्पट.
तो कुणी द्यायचा, त्याला अर्जात रकाना नाही.
झुवैनाबाई शेळ्या मोजू लागल्या, मोठ्याने,
म्हणजे आम्हाला ऐकू यावं.

मुदत एक महिन्याची.

महिन्याने गेलो तर छप्पर तेच.
तेच झाप, तीच दोरी, वर एक मांजर.
हमूदने दंडाचं पुस्तक उघडलं.
मोतालेब म्हणाला, मोजा.
मोजलं. एकतीस.
रोज शेळ्या कोंडल्यावर, डोक्याला टॉर्च बांधून,
त्याने बारा मीटर बाभूळ एकट्याने तोडली होती.
हातांना फडकी गुंडाळलेली. तळव्यात एक काटा
अजून आत, त्याच्याभोवती पिवळं.
हमूदने लिहिलं: अंतर पुरेसं.
ठिणगीला मीटर कळत नाहीत,
असं मी म्हणणार होतो.
नाही म्हणालो.

टेप गुंडाळत परत आलो.
तोडलेल्या बुंध्यांना
कोथिंबिरीएवढी पालवी,
एकाला दोन पानं, पुढच्याला पाच.
मोतालेब मागून बघत होता.
"माहितेय," तो म्हणाला,
आणि खिशात टाचणी आहे का, विचारलं.