कोमट

रात्री दुधात करंगळी बुडवून बघायची.
सोसलं, तर विरजण.
शेजारच्या बसव्वाक्का त्याला हेप्पु म्हणतात.
कधी त्यांची वाटी भिंतीवरून इकडे येते,
कधी माझी तिकडे.
दही मूळचं कुणाच्या घरचं
हे आता दोघींपैकी कुणी शपथेवर सांगणार नाही.

दह्यातल्या जिवाणूंनाही साथी येतात.
विषाणू येऊन बसतात, टोचतात,
आणि सकाळी भांड्यात नुसतं पांढरं पाणी.
एखादा वाचतो.
वाचलेला शत्रूच्या मजकुरातला तुकडा तोडतो
आणि आपल्याच पोथीत शिवून ठेवतो.
अलीकडे-पलीकडे प्रत्येक वेळी तीच खूण,
उलटसुलट जवळपास सारखीच वाचता येणारी.
कनक. नयन. जलज.
आमच्या मराठी शाळेच्या फळ्यावर होते हे शब्द,
बसव्वाक्कांच्या कन्नड शाळेतही होते.

पुन्हा तोच शत्रू आला
की तुकड्याची नक्कल घेऊन कात्री निघते,
अक्षराला अक्षर लावून बघते,
जुळलं की कापते.
दूर कुठल्या शहरात म्हणे याच कात्रीने
रक्तातलं एक चुकलेलं अक्षर नीट करतात.
खानापूरच्या दवाखान्यात, जनरेटरमागच्या खोलीत,
माझ्याकडे तिची धाकटी बहीण आहे.
ती काही नीट करत नाही.
शोधते फक्त.

लुमाण्णा गावडा, कणकुंबीच्या वरच्या अंगाला काजू वेचणारा.
चौथा दिवस तापाचा, डोळे तिखट गेल्यासारखे लाल.
"माकड मेलेलं दिसलं काय कुठं?"
"बघिटलो की ओ. दोन. हात लावलो नाही."
"आणि गोचीड?"
"ते काय मोजून घेतंय काय माणूस?"

रक्त घेतलं. त्यातला मजकूर वेगळा काढला,
नळीत कात्रीसोबत सोडला,
आणि नळी उबेला ठेवली.
बोट सोसेल इतकी ऊब. तीच.
पुस्तकात आकडा आहे, पण मला दुधावरूनच कळते.

या कात्रीचा एक दोष आहे.
शोधत असते तोवर शहाणी;
सापडलं की तिचं भान सुटतं,
मग आजूबाजूला जे लोंबत असेल ते
सगळं कापत सुटते.
हे ओळखून कुणीतरी हुशारीने
आधीच तिच्याभोवती बारीक धागे सोडून ठेवलेत.
ते तुटले तरच कागदाच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते.
म्हणजे मी जिला निदान म्हणते
तो कुणाचा तरी अनावर झालेला राग.

चाळीस मिनिटं. लाइट दोनदा गेली.
लुमाण्णाची बायको दारात चप्पल हातात घेऊन उभी,
मी दोनदा सांगितलं, घाला, फरशी घाण नाही होत.
पहिली रेघ आली, ती सगळ्यांनाच येते.
दुसरी आली
पेन्सिलने ओढून पुसल्यासारखी.
मी पट्टी खिडकीशी नेली. तिरकी धरली.
होती.

फॉर्म कन्नडमध्ये भरला.
"काय लिवलासा?"
"माकडताप. वॉर्डात झोपायचं, सलाईन लावतील,
रोज रक्त बघू. घरी जायचं नाही."
तो पट्टीकडे बघत राहिला.
"बरा झालो तर हे माझ्यात ऱ्हातंय काय?"
राहील, म्हटलं, रक्ताला ओळख राहील काही वर्षं.
"आणि पोरास्नी?"
नाही. ती आपल्यात होत नाही सोय.
जिवाणूचं बरं असतं,
त्याच्या पोथीसकट त्याच्या लेकी जन्मतात.
आपली पोरं कोरी येतात,
डोंगरात जातात, काजू वेचतात.

हे शेवटचं मी त्याला बोलले नाही.

पट्टीचा फोटो काढला, वर पाठवला,
शेवटची बस धरली.
घरी दूध गार होऊन साय धरलेलं.
पुन्हा तापवलं.
घाईत करंगळी बुडवली.
भाजली.