ओढून बघ

फाळका आधी पाड, तो म्हणतो.
पाडलाय.
बीटचा हंगाम कालच आटोपला. रेड नदीच्या खोऱ्यात
गवतावरचं दंव गोठून काचेसारखं करकरतंय
आणि व्हर्लिन मागे उभा राहून हातमोज्याची बोटं हलवतोय:
डावीकडे. जरा. अजून जराशी.

एकोणीस वर्षं ही बोटं माझी होती.
तो खिडकीतून मान बाहेर काढून, शिव्या घालत,
मागे मागे येत राहायचा.
आता त्याच्या उजव्या डोळ्यात धुकं उतरलंय,
म्हणून चावी माझ्याकडे आली. कुणी काही बोललं नाही.

पाचरी?
चारही चाकांना.
उंची?
उतरून बघते. ट्रेलरची पाटी आपल्या तबकडीहून
बोटभर खाली हवी, म्हणजे ट्रक आत शिरताना
तिला अलगद उचलून घेतो.
वर राहिली तर खुंटा जबड्याच्या माथ्यावर टेकतो
आणि बसल्यासारखा वाटतो.
बसल्यासारखा वाटणं, त्यानेच घात होतो.

हौद्याच्या डाव्या काठावर एक खळगा आहे,
कढईएवढा.
बिस्मार्कच्या पेट्रोल पंपाबाहेर पहिल्याच वळणावर
आमचं पाच टनांचं घर, चहाच्या कपांसकट,
तिथे येऊन आदळलं.
त्या सकाळी आम्ही बोलत नव्हतो.
त्याने लॉइडला पैसे दिले होते, मला न विचारता.
‘खट वाजलं ना?’ त्याने विचारलं होतं,
आणि मी खांदे उडवले होते.
आजही प्रत्येक तळावर, शेकोटीपाशी,
तो खळगा दाखवून सांगतो: चूक माझी, शंभर टक्के.
मी लाकडं सरकवते.

खट.
आज स्वच्छ ऐकू आलं, दातांत वाजल्यासारखं.
तरी तो पाठीवर झोपून आत टॉर्च मारतो,
चांगल्या डोळ्याने जबडा बघतो, मिटलाय का ते.
बसलाय, म्हणतो.
मग मीही झोपते. दंव कॉलरमधून पाठीत जातं.
ग्रीसमध्ये काळा, पूर्ण वेढलेला खुंटा.
दांड्यात पिन. दिव्यांची जाड केबल.
आणि ती बारीक तार:
ट्रेलर कधी निसटलाच, तर जाता जाता
तीच त्याचे ब्रेक ओढते.

पाय अजून जमिनीवर, पाचरी जागच्या जागी.
ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून धरते,
गिअर टाकते, हलका हिसका.
ट्रक बसकण मारतो. मागून काहीच सुटत नाही.

काच खाली करून मी म्हणते,
बिस्मार्कला मला खट ऐकू आलं नव्हतं, व्हर्लिन.
डिझेल घरघरतंय. तो कानामागे पंजा धरतो,
मान हलवतो,
आणि बोट वर करून दाखवतो:
अजून एकदा.
ओढून बघ.