बत्तीस पौंड हवा

बर्नलीच्या काही गल्ल्या इतक्या चढाच्या
की आधी चाकाला ओंडका लावायचा,
मग गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं.

डोरीन ऑर्मरॉड. वय चौऱ्याऐंशी.
फोनवर म्हणाली होती, टायर बसलाय,
जसं कुणी म्हातारा कुत्रा बसलाय म्हणावं, उठत नाही.
गाडी निळी, बारा वर्षांची,
दुकान, दवाखाना, दफनभूमी, एवढीच फिरलेली.
टायरच्या अंगाला भेगा, अनवाणी टाचेला पडतात तशा.
मी म्हणालो, नुसता उभा राहिला तरी झिजतो हा.
ती म्हणाली, मला विचार की.

माझ्या व्हॅनवर नाव नाही, फक्त नंबर.
आत दोन यंत्रं, वीस-बावीस टायर, एक जानमाज,
आणि मागच्या महिन्यापासून
एक उशी.

चार नटांतला एक चावीचा. चावी गाडीत नाही,
जिन्याखाली नाही.
अखेर सापडली बटणांच्या डब्यात.
वॉल्टरला वाटायचं, ती म्हणाली,
लहान वस्तू सगळ्या एकाच जातीच्या.

समोर तिची गिरणी. आता तिथे फ्लॅट.
चिमणी ठेवलीय, धूर नाही,
पाटीवर लिहिलंय : इतिहासात राहायला या.
त्यांच्याच कामावरचा स्क्रू निघाला टायरमधून.
तो तिने मागून घेतला आणि डब्यात टाकला.

अब्बाही मागावर होते, मी म्हणालो, रात्रपाळीला.
तिने मान वर केली. कुठल्या शेडमध्ये?
इथे नाही, ब्रायरफील्डला.
बरं, ती म्हणाली,
आणि ते तेवढ्यावरच राहिलं.

मी कॉम्प्रेसर सुरू केला.
त्या आवाजात मी नेहमी बोलतो.
हप्ते, शिव्या, क्वचित दुआ,
बहुतेक इथल्याच बोलीत,
शिव्या मी इथल्या शाळेत शिकलो.
आवाज एवढा की माझं मलाच ऐकू येत नाही.
म्हणून तर.
ती पायरीवर बसलेली, अगदी समोर.
मला वाटलं, टायर बघतेय.
मी म्हणालो, सायमा काही येणार नाही.
मग म्हणालो, मीच आणायला जात नाही.
मुलीच्या वाढदिवसाला सांगितलं, काम आहे.
काम नव्हतं. पार्किंगमध्ये झोपलो होतो.

टायरची कड रिमवर बसली, फाट्, फाट्.
बटण बंद केलं.
गल्ली एकदम एवढी शांत
की खालच्या कालव्यातलं बदक ऐकू आलं.

किती वर्षांची झाली?
कोण?
मुलगी.

पाना माझ्या हातातच राहिला.

शेडमध्ये कानाचा काय उपयोग, डोरीन म्हणाली.
आम्ही ओठ वाचायचो.
चार माग पलीकडच्या बाईचं बाळंतपण,
तिच्या नवऱ्याचा हात, बटाट्याचा भाव,
सगळं नुसतं तोंडाच्या हालचालीत.
भोंगा झाला, बाहेर पडलो,
की तीच बाई हवापाण्याचं बोलायची.
ओरडायचा फक्त मुकादम,
आणि त्याचं कुणी ऐकत नसे.

सात, मी म्हणालो.

नट आवळले, पाना टक् म्हणेपर्यंत,
शेवटी चावीचा.
काटा पाहिला. बत्तीस. बरोबर.
पैसे तिने दोनदा मोजून दिले.
फोन वाजला. पॅडिहमच्या रस्त्यावर
पार्सलवाल्याचं मागचं चाक गेलंय.
पोचतो अर्ध्या तासात, मी म्हणालो,

आणि कॉम्प्रेसर पुन्हा चालू केला.
नळी कशालाच जोडलेली नव्हती.
डोरीन पायरीवर जरा पुढे सरकली,
चष्मा पुसला,
ओठ मोठे मोठे हलवत काहीतरी म्हणाली.
मला कळलं नाही.
तिने परत म्हटलं, आणखी सावकाश,
बोट स्वतःच्या तोंडाकडे नेत :
इकडे बघ.