शून्य नसेल तर

पहिला नियम एका ओळीत बसला:
कशातही शून्य मिळवलं तर ते तेच राहतं.
डावीकडे नमुना, मधे बाण, उजवीकडे उत्तर.
सातपूरहून दुसरी पाळी करून आले होते,
हाताला अजून सोल्डरचा वास,
आणि रात्री पाऊण वाजता वाटलं,
बीजगणित म्हणजे एवढंच तर आहे.

भाषा हॅस्केल. तिच्यात एकदा दिलेली किंमत
पुन्हा बदलता येत नाही. दिला शब्द दिला.
आणि आळशी. कुणी मागितल्याशिवाय
एक बेरीज करणार नाही.
निनाद म्हणाला, तुझं नि तिचं जमतं कसं?
म्हटलं, मागणारी मी आहे ना.

पदावली म्हणजे झाड.
वर अधिकचं चिन्ह, फांद्यांवर गुणाकार,
टोकांना क्ष, क्ष, सात, क्ष.
दिंडोरीला मामाकडे गोडी छाटणी चालली होती,
कात्री त्याच्या हातात असतानाच विचारलं,
बुंध्याकडून सुरू करतोस की शेंड्याकडून?
तो म्हणाला, डोळे मोजून.
काडीवर किती डोळे ठेवायचे ते आधी ठरतं,
कात्री मग चालते.
मी घरी येऊन पानांपासून वर यायचं ठरवलं.
त्याच्या बोलण्याशी याचा काही संबंध नव्हता,
पण चाललं.

मग अ अधिक ब बरोबर ब अधिक अ.
याहून खरं काही मी शाळेत शिकले नव्हते.
लिहिलं. चालवलं.
लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला.
अ ब, ब अ, अ ब, ब अ,
द्वारका चौकात धुळ्याचा रस्ता चुकलेला ट्रक
पुन्हा पुन्हा त्याच पुलाखालून.
बटण दाबून बंद करावं लागलं.

खरं असणं वेगळं, नियम असणं वेगळं.
समीकरणातून दोन्हीकडून ये-जा चालते;
नियमाला एकच दिशा,
नाहीतर पोचणं नाही.
शेवटी सगळ्या पदांना रांगेत उभं केलं,
वर्णानुक्रमे, रेशनच्या दुकानासारखं,
आणि जो आपल्या जागी आहे
त्याला पुन्हा हलवायचं नाही.

गायधनी सर पंचवटीत राहतात, नाग चौकाजवळ.
मोतीबिंदू काढून चार दिवस झालेले, वाचायला बंदी.
म्हणून मी वाचून दाखवत होते,
बाण आला की "होतं" म्हणत.
शून्य गुणिले काहीही, होतं शून्य.
काळ्या चष्म्याआड सर मान हलवत होते.
स्थिरांकाचं विकलन, होतं शून्य.
क्ष भागिले क्ष, होतं एक.
मान थांबली.
"क्षला विचारलंस?"
काय?
"तू शून्य आहेस का, म्हणून."

नववीत याच पायरीवर त्यांनी माझा अर्धा गुण कापला होता.
त्यांना आठवत नव्हतं.
मला वहीच्या कव्हरचा रंगसुद्धा.

पण क्ष काय सांगणार?
क्ष असण्यापलीकडे त्याला स्वतःचं काही ठाऊकच नाही.
दोन आठवडे गेले.
मग उत्तराच्या शेपटीला एक चिठ्ठी बांधली:
क्ष शून्य नसेल तर.
मग य शून्य नसेल तर. मग क्ष आणि य सारखे नसतील तर.
उत्तर बोटभर, शेपूट हातभर.
एकशे चौदा चाचण्यांपैकी नऊ अजून लाल आहेत.

पुढच्या खेपेला सरांना शेवटचा नियम वाचला.
सगळ्यांत खाली असतो तो, डावीकडे नुसती अधोरेषा:
जे कुठल्याच नमुन्यात बसत नाही
ते जसं आलं तसं परत द्यायचं.
सर बराच वेळ गप्प.
"हा सगळ्यांत आधी लिहायला हवा होता."
आधी लिहिला, सर, तर बाकीचे कधी चालणारच नाहीत.
"असं होय."

साडेपाच झाले, औषधाची वेळ.
मी त्यांची पापणी धरली, बाटली उलटी केली.
पहिला थेंब आत गेला,
दुसरा गालावर ओघळला.
"तो मोजू नकोस," सर म्हणाले.